खिडकी, दार आणि टेबल

अण्णांना मी रडताना एकदाच पाहिलं, आणि तेही भरदुपारी, कॉम्प्युटरपुढे.

आमचा भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम अण्णा आणि काकू, दोघा नवराबायकोंनी एका खोलीत बसून लिहिला. काकू खिडकीपाशी, अण्णा दारापाशी. कोड ठेवला होता सब्व्हर्जनमध्ये, म्हणजे कुणी कधी काय बदललं ते टिपून ठेवणाऱ्या जुन्या कोठारात. बाकी लोक तिथे ठरलेल्या नावांचे फोल्डर करतात. यांचे तीनच: 'खिडकी', 'दार' आणि 'टेबल'. दोघांनी आपापल्या फोल्डरात लिहायचं आणि पक्कं झालं की अण्णांनी ते टेबलावर नेऊन ठेवायचं. असली मांडणी कुणी केली असेल का, सांगा!

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. शुक्रवारी तो सर्व्हर कायमचा बंद होणार होता. त्याआधी सगळा इतिहास गिटमध्ये, म्हणजे तसल्याच नव्या कोठारात, उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मोठी शहाणी! पक्का कोड टेबलावर आहे ना, मग तेवढंच उतरवलं आणि अण्णांना हाक मारली.

अण्णांनी उतरवलेल्या बदलांची यादी वरखाली केली. प्रत्येक ओळीपुढे त्यांचंच नाव, कारण टेबलावर ठेवणारे तेच.

"हे माझं नाही गं," ते म्हणाले. "निम्म्याहून जास्त तिचं आहे. शुक्रवारनंतर ती इथे कधी नव्हतीच, असं होईल."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दोन दुपारी आम्ही तिन्ही फोल्डर पहिल्यापासून उतरवत बसलो. टेबलावरची कुठली भर कुणाकडून आली ते अण्णा सांगत, मी जोडत जाई. पंखा गुणगुणत होता, ऊन फरशीवरून सावकाश सरकत होतं, पडद्यावरून एकेक वर्ष वाहत जात होतं. काकूंची रिकामी खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. मी हळू आवाजात बोलत होते, का कोण जाणे. मध्येच काम अडलं: गिटला प्रत्येकाचा ईमेल लागतो, आणि काकूंचा कधीच बंद झालेला.

"काय लिहू?"

"जुनाच लिही. तिला कुठे उत्तर द्यायचंय!"

शुक्रवारी दुपारी 'खिडकी' पूर्ण उतरली. प्रत्येक बदलासोबत काकूंनी ओळभर टीप लिहिली होती. अण्णा इतकी वर्षं नुसत्या फाइली उचलत आले, टिपा त्यांनी कधी उघडल्याच नव्हत्या. मी मोठ्याने वाचलं: "अमावास्येच्या भरतीत ह्यांची तासाभराची चूक. सुधारली. सांगायचं नाही, उगाच चिडतील."

खाली तशाच आणखी चाळीसेक होत्या.

"चिडलो असतोच की," अण्णा म्हणाले. डोळे पुसून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हं, पुढची वाच."