अंबाड्याला अडलेला सूर

गाणं अजून सुरूच झालं नव्हतं. मोबाइल आणि मशीनचं ब्लूटूथ जुळत नव्हतं, म्हणून मी खाली मान घालून बटणं दाबत बसले होते. तेवढ्यात समोर बसलेल्या गंगाबाई हसून म्हणाल्या, "हाव, लई गोड हाय."

मी मान वर केली. नायगाव तालुक्यातल्या त्या घराच्या ओसरीवर पंख्याच्या घरघरीशिवाय काहीही वाजत नव्हतं.

मी लातूरच्या एका छोट्या कंपनीत डिझायनर आहे. आम्ही हाडातून गाणं ऐकवणारे हेडफोन बनवतो. साधा इअरफोन आवाज हवेतून कानाच्या पडद्यापर्यंत पोचवतो. आमच्या मशीनला दोन बारकी थरथरणारी बटणं असतात, त्यांना आम्ही पॅड म्हणतो. ती कानापुढच्या हाडावर टेकतात आणि थरथर हाडातून सरळ आतल्या कानात जाते. पडदा फाटलेला असला, तरी आतली नस शाबूत असेल तर गाणं ऐकू येतं. अट एकच, पॅड हाडाला घट्ट टेकलं पाहिजे. दोन्ही पॅड जोडणारा पट्टा मानेमागून जातो आणि तोच त्यांना दाबून धरतो.

गंगाबाईंचे कान लहानपणापासून वाहायचे. दोन्ही पडदे गेलेले. नस चांगली आहे, असं नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. एके काळी गावच्या महिला भजनी मंडळात त्या पुढं बसून गायच्या. आता बायका मोबाइलवर ऐकून नव्या चाली बसवतात, आणि गंगाबाई मागं बसून दुसरीचे हात बघत टाळ्या वाजवतात.

महिन्यापूर्वी आमचा एक सहकारी मशीन लावून बघायला त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्याच्या फॉर्मवर 'ऐकू येते का?' यापुढं 'होय' होतं. मशीन लावून बघितलेल्या गावातल्या बाकीच्या बायकांच्या फॉर्मवरही होयच. त्या भरवशावर ऑफिसात आम्ही पेढेसुद्धा खाल्ले होते आणि सोमवारी मोल्डची ऑर्डर जाणार होती. मोल्ड म्हणजे प्लास्टिक ओतायचा पोलादी साचा. तो एकदा कापला की पट्ट्याचा आकार पक्का. मी खात्री करायला आले होते. खरं सांगायचं तर नुसती सही ठोकायला.

"मावशी," मी जवळ सरकून मोठ्यानं म्हणाले, "गाणं अजून लागलंच नव्हतं."

त्या ओशाळल्या. त्यांची सून शोभा चहा घेऊन आली होती, तिनं कपाळाला हात लावला. "आत्या, आवं असं कसं म्हणलाव?"

"मग काय म्हणू? एवढ्या उन्हाचं लातूरहून आल्या. न्हाई म्हणून पाव्हण्याचं मन मोडावं का? त्या दिशी साहेब आलते, त्यायलाबी हावच म्हणले."

"म्हणजे तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं?"

गंगाबाईंनी पदर पुढं ओढला. "मला वाटलं, मशीन चांगलंच असंल. माझेच कान कामातून गेलेत. तुमच्या मशीनला कशाला नावं ठेवू?"

मला स्वतःचीच लाज वाटली. आपल्यासाठी आता काही उपाय उरला नाही, असं धरून ही बाई महिनाभर गप्प बसली होती.

ब्लूटूथ एकदाचं जुळलं. गाणं लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी विचारून पदर बाजूला केला, आणि मग दिसलं. मानेवर तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा होता. पट्टा त्याला अडून मागं रेटला गेला होता आणि पुढं दोन्ही पॅड हाडापासून सुटले होते. त्यातून मधे पदर. ऑफिसात आम्ही सगळी चाचणी पुरुषांच्या मानेवर केली. टीममध्ये बाई मी एकटी, आणि माझा बॉबकट!

मी दोन्ही पॅड बोटांनी दाबून धरले. गंगाबाई दचकल्या. "आगं बया! पेटी वाजून राहिली!" गाणं संपेपर्यंत मी बोटं काढली नाहीत.

अंगणात जाऊन ऑफिसातल्या सरांना फोन लावला. "सर, मोल्ड थांबवा."

"का? सगळे होय आहेत ना?"

"ते होय आपल्याला आहेत सर, मशीनला नाहीत."

"मॅडम, बाया म्हणतात ऐकू येतं, तुम्ही म्हणता येत नाही. कुणाचं खरं धरू? आणि उशिराचं उत्तर कोण देणार?"

"मी देते."

सर म्हणाले, "बाकीच्या घरी जाऊन बघा. मग बोलू."

मी घरोघर गेले. तोच अंबाडा, तोच पदर आणि तीच हसतमुख 'हाव'. फॉर्मवरचा प्रश्न मी त्याच दिवशी खोडला. आता आम्ही ऐकू येतं का असं विचारत नाही. एखादी चाल लावतो आणि गुणगुणून दाखवा म्हणतो. पाहुणी म्हणून घरात शिरायचं, वर चहा प्यायचा आणि मशीनमधले दोष विचारायचे, हे जमत नसतं.

पट्टा आम्ही खाली वळवला, अंबाड्याच्या बुडाखालून जाईल असा. पहिला नमुना मानेला रुतला, दुसरा तेलावरून घसरला. तिसरा घेऊन मी पुन्हा नायगावकडे निघाले.

गंगाबाईंनी तो स्वतःच चढवला आणि वरून पदर घेतला. मंडळातल्या बायका बसवत होत्या तीच नवी चाल मी लावली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला धीर निघेना.

"मावशी, येतंय का ऐकू?"

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "गप बस की माय जरा. ऐकू दे."

मग हलक्या आवाजात एक ओळ म्हटली. चुकली. स्वतःवरच चुकचुकल्या आणि पुन्हा म्हटली.

मी गुपचूप ओसरीवरून उतरले आणि सरांना फोन लावला. "टाका मोल्डची ऑर्डर."