मंगलचा पाठ दोनदा का झाला

इरा, अमेय — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही.

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, शिक्षक व्हायला काय काय करावं लागतं? मी क्रमाने सांगितलं — पदवी, मग बी.एड., मग पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट पाहणं, आणि ती वाट लांब असते. सगळं बरोबर होतं. सराव पाठांपाशी मात्र मी घाईने पुढे सरकले. तुझ्या लक्षात आलं का?

सराव पाठ म्हणजे शिकाऊ शिक्षकाने खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांना शिकवायचं. मागच्या बाकावर त्याचे प्राध्यापक बसतात आणि गुण देतात. आमच्या वडवणीच्या शाळेत दरवर्षी असे शिकाऊ यायचे. इंग्रजीचे वर्ग माझे, म्हणून इंग्रजीवाले माझ्या हाताखाली. त्यांतली एक मंगल. आईवडील ऊसतोडीला जाणारे; लहानपणी तीही त्यांच्याबरोबर कारखान्याकडे गेलेली.

"आधी जीभ सरळ कर, वर्गात हाय-न्हाई चालणार नाही," मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं.

ती हसली. "जीभ सरळच हाय बाई, जरा उन्हात तापलीया."

मला ते उत्तर आवडलं नाही — की फार आवडलं? आजही नक्की सांगता येत नाही.

तिचा पाठ होता इन, ऑन, अंडर यांचा. मी तो वर्षानुवर्षं टेबल आणि पुस्तक घेऊन शिकवत आले होते. मंगलने फळ्यावर कोपी काढली — ऊसतोडीच्या तळावर राहायची पाचटाची झोपडी. शेजारी बैलगाडी. कोपीत कोण? गाडीवर काय? निम्मा वर्ग नुकताच तिथून परतला होता. हात वर झाले. आणि मागून अश्विनी उठली — माझ्या तासाला कधी तोंड न उघडणारी अश्विनी. "द डॉग इज अंडर द कार्ट, बाई. चावत न्हाई तो." वर्ग खो खो हसला. तीही हसली. ती हसते, हे मला ठाऊकच नव्हतं.

शिकवणं म्हणजे काय, इरा? त्या तासाला झालं, ते. इतकं चांगलं शिकवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच.

बाहेर आल्यावर प्राध्यापकांनी मला विचारलं — मुलं आधीच पढवून ठेवली होती का? आमच्याकडे तशी रीतच होती. तपासणी असली की आदल्या दिवशी प्रश्नोत्तरं घोकून घ्यायची. मीही घेत असे. आणि मी — मी म्हणाले, "हो. तिने काल तयारी करून घेतली."

खोटं होतं. आदल्या दिवशी मंगलने त्या वर्गात पाऊलही टाकलं नव्हतं. मला माहीत होतं — वर्ग माझाच होता ना?

पढवलेल्या मुलांवर घेतलेला सराव पाठ धरत नाहीत; तिचा रद्द झाला. तिला एवढंच कळलं की बाईंच्या म्हणण्यावरून तो पुन्हा घ्यायचा आहे, तोही अनोळखी वर्गावर. नापास झाली असती तर वर्ष गेलं असतं, आणि घरचे तर तिच्या लग्नासाठी टपूनच होते. ती दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा मी कुठे होते? शिक्षकांच्या खोलीत, चहा पीत. पाठ तितकाच सुंदर झाला, असं सगळे म्हणाले.

मंगल आज धारूरकडच्या एका शाळेत आहे. हंगाम जवळ आला की ती घरोघर जाते, आईबापांशी भांडते, आणि पोरांना आजी-आजोबांपाशी ठेवून घेते — शाळा चुकू नये म्हणून. मी हे कुणाकडून साधलेलं पाहिलं नाही. माझ्याकडून तर नाहीच. गेल्या वर्षी तिचा सत्कार झाला. भाषणात म्हणाली, "बाईंनी पाठ परत घ्यायला लावला, म्हणून मी आज हितं हाय. पहिला त्यांना पुरला नव्हता."

टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला — हो, नमस्कार केला, आणि खाली बसले.

पहिला पाठ पुरला होता. त्या मुलांना कुणीही पढवलं नव्हतं. माझ्या वर्गात त्यांना त्यांच्या घराविषयी पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं, आणि मी दाराशी उभी राहून ते पाहत होते.