रेघेखालचं गाव

मी रोमन नाणं चिंचेनं घासलं. मीठ लावून.

नाणं मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं. विकणारा म्हणाला होता, असली नाणी मदुरेकडे नदीच्या वाळूत सापडतात. करंगळीच्या नखाएवढं, ब्राँझचं, हिरवंगार. कर्जतची शाळा सुटली की मी भिंग घेऊन ओटीवर बसायचो. एका बाजूला राजाचं तोंड, डोक्याला मोत्यांची पट्टी. दुसऱ्या बाजूला भालेवाले दोन शिपाई, मधे निशाण. पुस्तकातल्या चित्रांशी ताडून एवढं कळलं होतं की रोमन, पण उतरत्या काळातलं. शिपायांच्या पायाखाली एक रेघ असते आणि तिच्याखाली दोन-चार अक्षरं. नाणं कुठल्या गावच्या टांकसाळीत पाडलं, ते त्यांवरून कळतं. नेमकी तीच हिरव्या थरात दडलेली! अलेक्झांड्रिया? अँटिओक? पोरांची सहल घेऊन कोंडाण्याच्या लेण्यांत गेलो, तरी माझ्या डोक्यात तेच गाव.

मे महिन्यात पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक माथेरानला निघाले होते. नाण्यांतले जाणकार. वाटेत आमच्याकडे जेवणार होते. म्हटलं, आज गाव कळणार.

पाहुणे यायचे म्हणून बायकोनं सकाळी तांब्याचे पेले चिंच-मीठ लावून घासले. काळपट पेला बघता बघता लाल झाला. मला वाटलं, ब्राँझ म्हणजे तरी काय, तांब्याचाच भाऊ. उरलेली चिंच उचलली आणि मोरीत बसलो. हिरवं सुटायला लागलं तसा मला चेवच चढला.

“अहो, काय चाललंय?” बायकोनं विचारलं.

“गाव शोधतोय.”

वर चिमूटभर राखही लावली. नाणं असं चमकलं की मीच खूश.

जेवायच्या आधी प्राध्यापकांनी ते भिंगाखाली धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

“मास्तर, शिपाई कुठायत?”

“होते.”

“आणि राजा?”

“सकाळपर्यंत होता.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “अहो, तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. आतला धातू कधीच कुजला होता. जी काय अक्षरं उरली होती, ती त्या थरातच.”

“मग गाव?” मी तरीही विचारलंच.

“गेलं मोरीतून.”

बायको पानं वाढत होती. तिनं ते गुळगुळीत नाणं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“लग्न झाल्यापासून घरातलं एक भांडं घासलं नाही यांनी,” ती पाहुण्यांना म्हणाली, “आणि पहिल्यांदा हात लावला तो ह्याला!”