मी तपासलेली वही

"मेंदूत पाणी साचलंय," मुंबईचे डॉक्टर म्हणाले. "याला हायड्रोकेफॅलस म्हणतात." मेंदूत रोज थोडं पाणी तयार होतं आणि आपोआप जिरतं. नर्मदेच्या डोक्यात आधी रक्तस्राव झाला होता, त्याने जिरायच्या वाटा बुजल्या होत्या. साचलेलं पाणी मेंदूला आतून दाबत होतं. मग त्यांनी विचारलं, "चालणं बिघडून किती दिवस झाले?"

"तीन महिने," मी म्हणालो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी वरवट बकाल गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. नर्मदा माझी बायको, तेव्हा छत्तीस वर्षांची. शेंगा फोडता फोडता "डोकं फुटलं वं माय!" म्हणून ओरडली, ओकली आणि तिथेच पडली. खामगावच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते लाल आलं. म्हणाले, मेंदूतली नस फुटली आहे. बहुतेक ॲन्युरिझम असावा, म्हणजे नसेच्या भिंतीला आलेला फुगा. सहा आठवडे तिला खाटेवरून उठू दिलं नाही. ती वाचली.

घरी आणली तेव्हा माझ्या वहिनीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "काही बदल वाटला तर लगेच आणा." बदल म्हणजे पुन्हा डोकेदुखी, असा अर्थ मी माझ्या अकलेने लावला.

आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो म्हणतात. हा दुसरा आजार मात्र येतानाच मुंगीच्या पायाने आला. महिनाभराने ती गप्प राहू लागली. भाजीत मीठ दोनदा पडे. मला वाटलं, पडून राहून बुद्धीला गंज चढलाय. आणि गंज काढणं तर माझा धंदाच! पाढे विसरलेल्या पोरांना मी सरावाने वठणीवर आणत होतो. तोच उपाय घरी सुरू केला. दुरेघी वही आणली. रोज एक पान शुद्धलेखन, सकाळी पाढे.

अक्षर पानागणिक बारीक होत गेलं, ओळ सोडून वर चढू लागलं. मी लाल शाईने शेरे मारले. 'निष्काळजीपणा.' 'पुन्हा लिही.'

"मले सुचतच नाही हो," ती म्हणायची.

पुढे ती पाय घासत चालू लागली. एकदा लिहिता लिहिता बसल्या जागी लुगडं ओलं झालं. मी लाजलो आणि त्या लाजेचा राग तिच्यावर काढला. पट्टी उचलून तिच्या हातावर मारली. पोराला मारतो तशी.

वहिनी दारातच होती. "भाऊजी, तिचे पाय भुईले चिकटून राह्यले. हा आळस नाही. खामगावले दाखवा."

"तुमच्या लाडानेच ती अशी झाली," मी म्हणालो. आणखी महिना गेला. ती दिवसभर झोपू लागली तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. खामगावच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी मुंबईला चिठ्ठी दिली. शेगाव स्टेशनवर आम्ही तिला उचलून मुंबईच्या गाडीत ठेवलं.

वही मी सोबत नेली होती, तिचा हट्टीपणा डॉक्टरांना दाखवायला. त्यांनी पानं सावकाश उलटली. नवव्या पानावर अक्षर पहिल्यांदा ओळ सोडून चढलं होतं, तिथे बोट ठेवून म्हणाले, "या पानालाच आणायला हवं होतं, मास्तर."

त्यांनी आधी डोक्याचं ऑपरेशन करून नसेवरच्या फुग्याला चिमटा लावला. दहा दिवसांनी शंट बसवला, म्हणजे मेंदूतलं पाणी कानामागून, कातडीखालून मानेतल्या शिरेत सोडणारी बारीक नळी. आठवड्यात तिने स्वतः भात कालवून खाल्ला. मी व्हरांड्यात जाऊन रडलो. त्या डॉक्टरांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आता ती चालते, लघवीचं भान आलंय. पण तीन महिन्यांच्या दाबाने जे गेलं ते गेलं. जुनं आठवतं, सकाळचं संध्याकाळी राहत नाही. रक्तस्रावातून उठलेलं माणूस तुमच्या घरात असेल आणि ते मंदावलं, अडखळलं, कपडे ओले करू लागलं, तर त्याला शिकवू नका. दवाखान्यात न्या.

पट्टीचं तिला आठवत नाही. एकदा मीच सांगितलं. ती हाताकडे पाहत राहिली. "काऊन मारलं हो तुमी मले?" आणि रडली. संध्याकाळी विसरली. माफीवाचून मला चैन पडेना, म्हणून आठवड्याने परत सांगितलं. तिने पुन्हा हात पाहिला, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तशीच रडली. तिच्यासाठी तो मार नवाच होता. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी तिला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मारलं होतं. आता तिला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं.