चोळीबांगडी

मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत प्रत्येक रानाला नाव असतं. कुणाचं चिंचेचं, कुणाचं पाणंदीचं. बजाबाईच्या दोन एकरांचं नाव चोळीबांगडी. नवरा गेला त्या साली सासऱ्यानं ते तिला लावून दिलं. सगळे तसंच म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली. एक्केचाळीस वर्षं तिनं तिथं शाळू काढला. चोळीबांगडीत कणसं भरली, चोळीबांगडीत पाखरं उतरली, असं ती लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगायची.

यंदा खोकल्यानं तिला अर्धी केली. भाकरी पुढ्यात तशीच राहू लागली. लेक रेश्मा नवऱ्यानं टाकलेली, तिच्यापाशीच राहणारी. डोळे मिटायच्या आत रान लेकीच्या नावावर करावं, म्हणून बजाबाई तलाठ्याकडं गेली.

अजिनाथ तलाठी भला माणूस. त्यानं सातबारा काढला, इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि ते बराच वेळ उचललंच नाही.

"आजी, मालक म्हणून तुमचा पुतण्या हिंदुराव लागलाय. तुमच्यापुढं नुसतं चोळीबांगडी, हयातीपुरती, असं हाय."

"व्हय की. नावच हाय ते रानाचं."

मग त्यानं सावकाश समजावलं. ते रानाचं नाव नव्हे, हक्काचं. घरातली बाई विधवा झाली की चोळीला, बांगडीला तिला कुणापुढं हात पसरावा लागू नये, म्हणून जुनी माणसं एक तुकडा तोडून देत. पीक तिचं, जमीन घराची. ती गेली की तुकडा माघारी. कोर्टात कदाचित वेगळंही निघेल, पण त्यात वर्षं किती जातील ते सांगता येत नाही.

बजाबाईनं आपल्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं.

"बांगड्या तर त्याच दिवशी फोडल्या की रं माज्या. मग कशापायी दिलं म्हणायचं?"

अजिनाथनं कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

परतताना पाणंदीत हिंदुराव भेटला. काकूचा खोकला कसा आहे, ते त्यानं मायेनं विचारलं. रोजच विचारायचा. आज तिला ते विचारणं कळलं.

घरी रेश्मानं भाकरी वाढली. बजाबाईनं ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, उबळ जिरेपर्यंत थांबली, आणि ताट पुढं सरकवलं.

"आजून अर्धी वाढ."