बंद माल

हनुमंत झोपेत "मागं सरा, मागं सरा" असं ओरडतो, हे सुनेनं भाजी निवडता निवडता सहज सांगितलं आणि तेव्हापासून सुरेखाच्या जिवाला घोर लागला. लहानपणी हा पोरगा झोपला की कानाशी बँड वाजवला तरी कूस बदलत नसे. आता तो कुणाला मागं सारत होता?

"तू विचारलंस का त्याला?" तिनं विचारलं.

"विचारलं," संस्कृती म्हणाली. "म्हणाले, स्वप्नात म्हशी हाकत होतो."

हे मात्र अगदी त्याचंच उत्तर होतं. म्हशी त्यांच्याकडे कधीच नव्हत्या. कर्जतकडच्या त्यांच्या गावात हनुमंत शाळेतून पळायचा तो थेट लोहाराच्या भात्यापाशी जाऊन बसायचा. तापलेलं लोखंड बघताना त्याला तहानभूक आठवायची नाही. वडील लवकर गेले. सुरेखा बी. ए. झालेली. तिनं नगरला खासगी शाळेत नोकरी धरली आणि मुलानं बँकेत खुर्चीवर बसावं अशी स्वप्नं पाहिली. त्यानं आयटीआय केलं आणि नागापूरला एका पोलादाच्या कारखान्यात लागला. भंगार वितळवून सळ्या करायचा कारखाना. वर्षभरात तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. घरी येऊन आईला सांगायचा, "अगं, वितळलेलं लोखंड काकवीसारखं हलतं. फक्त चाटायचं नाही."

मग परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागलं. इथली सळी गोदामात गंजायला लागली. एक पाळी गेली, मग दुसरी, आणि शेवटी गेटला कुलूप लागलं. हनुमंत पुण्याला जाऊन दारोदार पार्सलं पोचवू लागला. पैसे बरे मिळायचे, पण त्याचं बोलणं आटलं. सणाला घरी यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. ती सगळी वर्षं सुरेखाला नकोशी वाटायची.

सरकारनं बाहेरून येणाऱ्या पोलादावर जादा कर बसवला, तेव्हा म्हणूनच तिनं शेजाऱ्यांना पेढे वाटले. नववीच्या वर्गातही तिनं सांगितलं की, सरकारनं मनात आणलं तर बुडता धंदा वर काढता येतो. गेट उघडलं त्या दिवशी हनुमंत सगळ्यांच्या आधी तिथं हजर होता. पण तो कर ठरावीक मुदतीपुरताच होता. शेठनं नारळ फोडून कामगारांना सांगितलं, "ही पावसातली उघडीप समजा. तेवढ्यात पेरून घ्यायचं." दोन पाळ्या सुरू झाल्या. भट्टी थंड म्हणून होऊ द्यायची नाही, असा हुकूम निघाला.

शनिवारी शाळा लवकर सुटली. हनुमंत दुसऱ्या पाळीला निघताना डबा विसरून गेला होता, तो घेऊन सुरेखा नागापूरला गेली. खरं तर डब्याचं निमित्तच होतं.

भंगाराच्या आवारात रशीदभाई हातोडी घेऊन बसले होते. कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. हनुमंत त्यांना चाचा म्हणायचा. ते भंगारातला एकेक तुकडा ठोकून बघत आणि ज्याचा आवाज पोकळ येईल त्यावर खडूनं लिहीत, 'बंद'. दोन्ही तोंडं बुजलेला पाइप, जुना सिलिंडर, असलं काही.

"असा बंद माल कापून उघडल्याशिवाय भट्टीत टाकायचा नाही, ताई," ते म्हणाले. "आत हवा असते, पाणी असतं. आगीत गेलं की बाँबच तो."

"आणि गेलंच तर?"

"कसं जाईल? मी लिहितो ना." पाळी संपली तसे ते हातोडी पिशवीत टाकून निघून गेले.

दुसऱ्या पाळीची माणसं आली. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर बिभीषण मुकादमानं आणलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या होत्या. त्यांतली लंकाबाई नावाची बाई पाट्या उतरवत हसून म्हणाली, "तुमी भट्टीवाल्या हनुमंताच्या आई व्हय? लई टोमणे मारतंय तुमचं पोरगं. आमाला म्हनतंय, मोळ्या न्हाईत, लोखंड हाय, जरा हळू."

हसता हसताच तिनं नवऱ्याच्या मदतीनं एक बुजलेला पाइप उचलला आणि भट्टीकडच्या गाड्यात टाकला. पाइपवर खडूनं 'बंद' लिहिलेलं होतं.

सुरेखा झटकन पुढे झाली. "अहो, तो नका टाकू. त्यावर बंद लिहिलंय."

"म्हनूनच टाकला की. बंद म्हंजी तपासनी झाली, काम मिटलं, आता उचला. आमच्याकडं बी खेप भरून झाली की बंदच म्हनत्यात." लंकाबाई थबकली. "का, तसं न्हाई का?"

सुरेखानं तिला अर्थ सांगितला. लंकाबाईनं पाइप परत खाली काढला आणि पदरानं तोंड पुसलं. "तरीच वर भट्टीत फुटाने उडत्यात," ती हळूच म्हणाली. "परवा हनुमंतानं समद्यांना मागं ढकललं, म्हनून वाचलो."

एवढ्यात मुकादम आला. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "खरंय मावशी. पन कापनारा गडी सोडून गेलाय, दुसरा मिळंना. हे बाजूला ठेवलं तर भट्टीत काय टाकू, माती? ए, घ्या रे उचलून." लंकाबाईनं सुरेखाकडे बघितलं, खाली बघितलं आणि पाइपचं एक टोक उचललं. दुसरं नवऱ्यानं धरलं.

सुरेखा मॅनेजरच्या खोलीत गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, फुटाणे उडायचेच. सरकारनं मोठ्या मुश्किलीनं जीवदान दिलंय या धंद्याला. आपणच बोभाटा करून कुलूप लावायचं का?"

हनुमंत डबा घ्यायला खाली आला, तेव्हा त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल होता. तिनं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "चाचांना सांगू नकोस. ते कापणाऱ्याच्या जागी स्वतः बसतील, हात थरथरतात त्यांचे."

"आणि तू?"

"मी बघतो ना वरून." मग इकडेतिकडे बघून त्यानं आवाज उतरवला. "आई, कुठं तक्रार करू नकोस. गेट बंद झालं तर इथल्या कामावरच्या पोरांना मी काय तोंड दाखवू? मला परत ती पार्सलं नकोत."

तो पायऱ्या चढून वर गेला. खालून त्याचे फक्त बूट दिसत होते. गाडा त्याच्यामागून वर चढत होता आणि भंगाराखाली तो पाइप कुठं दडलाय, हे आता कुणालाच दिसत नव्हतं.

सुरेखा गेटबाहेर रिक्षांपाशी येऊन उभी राहिली. तक्रारीचा फोन केला तर मुलगा बोलायचा नाही, कदाचित वर्षभर. कदाचित पुन्हा भिंतीकडे बघत बसेल. बसू दे. भिंतीकडे बघायला तो असला तर पाहिजे. ज्या सरकारनं हे गेट उघडलं, त्याच सरकारचा माणूस आता आत यायला हवा होता.

आतून एक दणका ऐकू आला, मग कुणाचं तरी हसणं. रिक्षावाल्यानं मानही वळवली नाही.

गेटवरच्या पाटीवर कारखाना निरीक्षकांच्या कचेरीचा नंबर रंगवलेला होता. तो धुळीनं अर्धा झाकला होता. तिनं पदरानं पाटी पुसली आणि एकेक आकडा मोबाईलवर दाबायला सुरुवात केली.