बादलीतलं बंड

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, निळीपायी जगात पुष्कळ बंडं झाली असतील, पण त्यातलं एक शेलूबाजारात आमच्या शेजारी, धुण्याच्या बादलीत झालं. परवा किराणा दुकानात निळीची बाटली दिसली आणि ते घर आठवलं. तिथे सासू आणि सून, दोघीही विधवा, दोघींच्या अंगावर कायम पांढरं. पांढरं पिवळट पडू नये म्हणून बादलीत दोन थेंब नीळ टाकायची, एवढीच काय ती मुभा. सून मात्र दर धुण्याला थोडी जास्त टाकत गेली, आणि दिवाळीचं पांढरं पातळ होळीपर्यंत जवसाच्या फुलासारखं निळं झालं. दीर अंगणात येऊन म्हणाला, “वहिनी, हे काय नेसल्या?” “पांढरंच हाय भाऊजी. नीळ जराशी जास्त पडून राह्यली.” “उद्यापासून पांढरं नेसा, नाहीतर माहेरी जा. माय, सांग इले.” म्हातारी सासू स्वतः पोरं मांडीवर असतानाच पांढऱ्यात आलेली. तिनं सुनेचा पदर बोटांत धरला, मग स्वतःचा पाहिला. मी आता पन्नाशीला आलो, तरी तिचा तो बसका आवाज कानातून जात नाही: “मले काहून नाही सुचलं वं हे?”